वीस मिनिटांचा विसावा : शवासन, रक्तदाब आणि आपल्या माता-भगिनी



कंधार तालुक्यातल्या वस्त्यांवर आम्ही रक्तदाब तपासायला बसतो, तेव्हा बायकांच्या तक्रारी जवळजवळ सारख्याच असतात. डोके जड राहते, मान आखडते, छातीत धडधडते, रात्री झोप लागत नाही. "दिवसातून थोडा आराम करता का?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते. "सिस्टर, आराम कुठला? दिवसा निजलं तर लोक आळशी म्हनतेत."

सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागणे आणि या सगळ्याच्या आधी व नंतर चूल, पाणी, लेकरे. असे राबणारे शरीर रात्री अंथरुणावर पडते खरे, पण सैल होत नाही. जबडा आवळलेला असतो, खांदे वर ओढलेले असतात आणि डोक्यात मुकादमाची उचल आणि पोरीची फी फिरत असते. पडून राहणे म्हणजे विसावा नव्हे. विसावा शिकावा लागतो, आणि तो शिकला तर त्याचा औषधासारखा उपयोग होतो. आज त्याबद्दलच बोलायचे आहे.

शरीरात काय घडते?

संकट आले की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात सुटते, हृदय जोराने धावते, रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू ताठ होतात. संकट टळले की हे सगळे पूर्ववत व्हायला हवे. पण ज्याचे संकट रोजचेच आहे, कर्जाचे, कामाचे, अपमानाचे, घरातल्या दारूचे, त्याचे शरीर सज्जच राहते. वर्षानुवर्षे असे चालले तर झोप बिघडते, दुखणी वाढतात आणि रक्तदाब वाढायलाही हातभार लागतो.

आपल्याच शरीरात याच्या उलट काम करणारी यंत्रणाही आहे. ती जागी झाली की हृदयाची गती मंदावते, श्वास खोल होतो, स्नायू सैल पडतात. हृदयाला आपण हुकूम देऊ शकत नाही, पण श्वास संथ करणे आणि स्नायू सैल सोडणे आपल्या हातात आहे. त्या दोन दारांनी आत गेले की हृदयही शांत होऊ लागते. योगातल्या शवासनाचे मर्म एवढेच आहे.

मुंबईत झालेली तपासणी

हे कुणी महाराज सांगतात म्हणून मानायचे नाही. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम सुरू झाले आणि तिथे स्वामी कुवलयानंदांनी योगाच्या क्रिया यंत्रांनी मोजायला सुरुवात केली. पुढे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले. त्यांचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या १० रुग्णांना रक्तदाबाचे कोणतेही औषध चालू नव्हते. वरच्या आणि खालच्या आकड्यांवरून काढलेला त्यांचा मध्यमान दाब सरासरी १३४ होता, तो १०७ वर आला. औषध घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा डोस डॉक्टरांना कमी करता आला. काहींना मात्र फारसा फायदा झाला नाही, हेही त्याच अहवालात आहे.

या अभ्यासात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. ती उणीव लंडनमधल्या भारतीय वंशाच्या डॉक्टर चंद्रा पटेल यांनी भरून काढली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९७५ साली त्यांचा अभ्यास आला. ३४ रुग्णांचे त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला योगातली शिथिलीकरणाची पद्धत शिकवली आणि शरीर किती सैल झाले ते यंत्रावर दाखवले. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ नुसते आराम करायला सांगितले. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाचा सरासरी रक्तदाब १६८/१०० वरून १४१/८४ झाला, दुसऱ्याचा १६९/१०१ वरून १६०/९६. पुढे दुसऱ्या गटालाही पद्धत शिकवली, तेव्हा त्यांचाही दाब तसाच उतरला.

नुसते पडून राहणे आणि शिकून शिथिल होणे यातला फरक या आकड्यांत दिसतो. हे अभ्यास लहान होते, त्यामुळे प्रत्येकाचा दाब इतकाच उतरेल असे कुणी समजू नये.

"पण योग आपला आहे का?"

हा प्रश्न आम्हाला विहारात नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. शवासनाला ना मंत्र लागतो, ना मूर्ती, ना गुरूचे पाय धरणे. तथागतांनी सतिपट्ठान सुत्तात आपल्याच शरीराकडे आणि श्वासाकडे सजगतेने पाहायला सांगितले आहे. आनापानसती शिकलेल्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. आणि कोणतीही गोष्ट परंपरा म्हणून न स्वीकारता अनुभवाने तपासून घ्या, हीच तर आपली शिकवण आहे. महिनाभर करून पाहा, बीपीचा आकडा वहीत लिहा आणि मग ठरवा.

कसे करायचे?

जेवणानंतर लगेच नको, दोन तास जाऊ द्यावेत. सतरंजी किंवा गोधडी अंथरून उताणे झोपावे. पाय एकमेकांपासून थोडे लांब, हात अंगापासून दूर, तळवे वर, डोळे मिटलेले. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली घडी केलेली गोधडी ठेवावी.

आता पावलांपासून सुरुवात करा. पावले ताठ करा, पाच आकडे मोजा, एकदम सैल सोडा. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे आणि शेवटी चेहरा. जबडा सैल सोडायला विसरू नका. आमच्या बायकांचा अर्धा ताण तिथेच बसलेला असतो. ताठ आणि सैल यातला फरक कळला की काही दिवसांनी ताठ न करताही अंग सोडता येते.

त्यानंतर लक्ष श्वासावर. श्वास रोखायचा नाही, ओढायचा नाही. सोडताना घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागू द्यावा. मनात विचार येतील, येऊ द्या. लक्ष पुन्हा श्वासावर आणा. झोप लागली तरी हरकत नाही.

उठताना घाई करू नका. आधी कुशीवर वळा, मग बसा, मग उभे राहा. बीपीची गोळी घेणाऱ्यांना झटक्यात उठल्याने चक्कर येऊ शकते. सगळे मिळून वीस मिनिटे पुरतात. रोज जमले तर उत्तमच.

ही काळजी घ्याच

पहिली गोष्ट, गोळी बंद करायची नाही. बरे वाटले म्हणून गोळी सोडलेली आणि मग लकव्याने पडलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. आकडा उतरला तर डोस कमी करायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर ग्रामीण रुग्णालयात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात दाखवा. तपासणी आणि गोळ्या तिथे मोफत असतात. गावातल्या आशाताईंना विचारा.

पाचव्या महिन्यानंतर गरोदर बाईने उताणे न झोपता डाव्या कुशीवर हे करावे. उताणे झोपल्यावर दम लागत असेल तर डोके उंच ठेवा आणि लवकर तपासून घ्या. डोळे मिटल्यावर जुना मार, जुनी भीती समोर येत असेल तर जबरदस्ती करू नका. बसून, डोळे उघडे ठेवून, कुणाच्या सोबतीने करा. मन फारच खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर १४४१६ या सरकारी हेल्पलाइनवर मोफत बोलता येते. छातीत दुखणे, एक बाजू लुळी पडणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे असे काही झाले तर विसावा नव्हे, १०८ ची गाडी बोलवा.

विसावा हा हक्क आहे

शवासनाने मजुरी वाढत नाही, पोट भरत नाही आणि सोळा तासांचे काम आठ तासांचे होत नाही. म्हणून केवळ "ताण घेऊ नका" असा उपदेश कष्टकरी बाईला करणे आम्हाला पटत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी आणलेल्या दुरुस्तीने १९४६ साली कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. कष्टकऱ्याची विश्रांती ही त्यांच्या दृष्टीने मेहेरबानी नव्हती, कायद्याची बाब होती. शेतातल्या आणि फडातल्या बाईला मात्र अजून तास मोजून मिळत नाहीत. ती लढाई चालूच ठेवायची आहे.

ती लढताना घरातली वीस मिनिटे मात्र आजच देता येतील. बांधवांनो, रोज संध्याकाळी तेवढा वेळ चुलीपाशी तुम्ही बसा, पाणी तुम्ही भरा, लेकरांना तुम्ही सांभाळा. आणि ती पडली असेल तर तिला हाक मारू नका.

विहारातही हे सहज जमेल. रविवारच्या वंदनेनंतर सतरंज्या अंथरलेल्याच असतात. वर दिलेली कृती एका मुलीने संथपणे मोठ्याने वाचावी, बाकीच्यांनी करावी. महिन्यातून एकदा आशाताईंना किंवा सिस्टरना बोलवून प्रत्येकीचा रक्तदाब घ्यावा आणि विहाराच्या वहीत नावापुढे लिहावा. तीन महिन्यांनी ती वही डॉक्टरांना दाखवा. पुढचा सल्ला ते देतील.

जयभीम. नमो बुद्धाय.