शेवटची नोंद कोणती?

शाळेच्या जनरल रजिस्टरात विद्यार्थ्याचे नाव एकदाच लिहिले जाते. त्याचा पत्ता मात्र आयुष्यात अनेकदा बदलतो. म्हणून माजी विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर ठेवताना दोन तक्ते करणे श्रेयस्कर. पहिल्यात रजिस्टर क्रमांक व नाव; दुसऱ्यात तोच क्रमांक, पत्ता आणि त्या पत्त्यावर राहावयास गेल्याची तारीख. समान क्रमांकाच्या दुव्याने तक्ते जोडण्याच्या या पद्धतीचा सैद्धांतिक पाया आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाने घातला. दुवा नावाचा नसावा. एकाच नावाचे अनेक विद्यार्थी असू शकतात.

समजा, क्रमांक ४१२ च्या विद्यार्थ्याच्या तीन नोंदी आहेत : १२ जून १९८७, बेळगाव; ३ मे १९९४, पुणे; ५ ऑगस्ट २००९, वडोदरा. निमंत्रण कोठे धाडावे? प्रथम प्रत्येक क्रमांकापुढील सर्वांत अलीकडची तारीख काढावी. नंतर क्रमांक आणि ती तारीख ही दोन्ही जुळणारी ओळ शोधून तिच्यातीलच पत्ता घ्यावा. ही दुसरी पायरी गाळल्यास २००९ ची तारीख आणि बेळगावचा पत्ता अशी विसंगत जोडी तयार होऊ शकते. १९९९ च्या अखेरीस तो कोठे राहत होता, असा प्रश्न असल्यास त्या वर्षअखेरपर्यंतच्या नोंदींतूनच निवड करावी. उत्तर पुणे असे येईल.

तारीख साध्या मजकुराच्या रूपात भरली असेल, तर संगणक डावीकडून एकेक चिन्ह ताडून पाहतो. मग ‘१२-०६-१९८७’ ही ‘०५-०८-२००९’ हून मोठी ठरते! वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिल्यास हा घोटाळा टळतो; १९८८ च्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने हाच क्रम स्वीकारला आहे. एकाच दिवसाच्या दोन नोंदी असतील, तर नोंदीचा अनुक्रमांकही पाहावा लागतो.

सर्वांत महत्त्वाची दक्षता निराळीच आहे. दोन्ही तक्त्यांत आढळणारे क्रमांकच निवडले, तर ज्याचा एकही पत्ता नोंदलेला नाही तो विद्यार्थी यादीतून निमूटपणे गळतो आणि तो गळाल्याचे कोणाच्या ध्यानीही येत नाही. यास्तव पहिला तक्ता संपूर्ण ठेवून, जेथे जुळणी नाही तेथे पत्त्याचा रकाना कोरा सोडावा. अशा कोऱ्या रकान्यांची यादी त्या त्या तुकडीच्या वर्गमित्रांकडे सोपवावी. संगणक नोंदलेलेच शोधतो. न नोंदलेले शोधण्याचे काम आपणा सर्वांचे आहे.