लुंबिनीचा स्तंभ काय सिद्ध करतो?

गौतम बुद्ध खरोखर होऊन गेले काय, असा प्रश्न एकोणिसाव्या शतकात युरोपातील काही पंडितांनी उपस्थित केला होता. फ्रेंच पंडित सेनार यांना तर बुद्धचरित्रात सूर्यकथेचेच रूपांतर दिसले. पुढे १८९६ साली नेपाळच्या तराईत लुंबिनीचा अशोकस्तंभ उजेडात आला. राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी अशोकाने स्वतः येऊन बुद्धांच्या या जन्मस्थानाची पूजा केली, गावाला बली हा कर माफ केला व उत्पन्नातील राजभाग अष्टमांशावर आणला, असा त्यावरील लेखाचा अर्थ सामान्यतः लावला जातो.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यातील करसवलत विशेष बोलकी वाटेल. स्तुती फुकट करता येते. महसूल सोडावयाचा तर राजालाही तोशीस पडते.

तथापि हा लेख बुद्धांच्या निर्वाणानंतर निदान शतकभराने कोरलेला आहे. जन्मस्थानाविषयीची श्रद्धा तेव्हा दृढमूल झाली होती, एवढेच त्यावरून निर्विवादपणे ठरते. बुद्ध होऊन गेले, हे अनुमान स्तंभाबरोबरच प्राचीन ग्रंथांतील परस्परांशी जुळणारी माहिती आणि भिक्षुसंघाची परंपरा यांवर उभे आहे, आणि ते भक्कम आहे. जन्मताच सात पावले चालल्याची कथा मात्र त्यामुळे इतिहास ठरत नाही. श्रद्धावान असो वा संशयवादी, पुराव्याला त्याच्या वजनाइतकेच मोल देणे हे दोघांचेही कर्तव्य होय.