राखणीच्या कुत्र्यास अन्न न मानवल्यास

मळ्यावर राखणीचें कुत्रें नाहीं असा बागाईतदार विरळा. बैलाच्या दावणींत काय पडतें हें आपण रोज पाहतों. कुत्र्याच्या थाळींत काय पडतें इकडे कोणी पाहत नाहीं. आम्हींही पाहिलें नव्हतें.

पुणें शहरांतील आमच्या घरीं एक गांवठी कुत्रें आहे. त्यास दोन्ही वेळां दूधपोळी मिळे. गतवर्षीं तें सारखें अंग खाजवूं व पंजे चाटूं लागलें. कान लाल होऊन त्यांस दुर्गंधी येऊं लागली. प्रथम गोचीड-पिसवांचा संशय घेतला, कडुलिंबाच्या पाल्याचें पाणी लावलें, गुण नाहीं. मग रोज नवें अन्न घालून पाहिलें, आणि घोटाळा अधिकच वाढविला.

अखेर पशुवैद्यांनीं रीत सांगितली. कुत्र्यानें पूर्वीं कधीं न खाल्लेलें असें एकच मांसान्न निवडून आठ आठवडे तेवढेंच द्यावें. मध्यें बिस्किटाचा तुकडाही देऊं नये. दोष अन्नाचाच असेल, तर एवढ्या मुदतींत दहांतील नवांहून अधिक कुत्र्यांस उतार पडतो. आम्हीं मासळी व बटाटा ठरविला. आमच्या स्वयंपाकघरांत मासळी शिजविण्यावरून चार दिवस अबोला झाला, मग घरांतील मंडळींनीं अंगणांत वेगळी चूल मांडून दिली.

सातव्या आठवड्यांत खाज थांबली. नंतर जुनीं अन्नें एकेक करून परत दिलीं. पोळीनें कांहीं झालें नाहीं. दूध दिलें, आणि तिसऱ्या दिवशीं पंजे चाटणें सुरू! हा परत देण्याचा भाग लोक टाळतात. पण त्यावांचून दोष कोणाचा हें ठरत नाहीं.

२०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यांत अशा २९७ कुत्र्यांची नोंद पाहिली गेली. त्यांत शेंकडा ३४ जणांस गोवर्गीय मांस, १७ जणांस दूधदुभतें, १५ जणांस कोंबडी व १३ जणांस गहूं बाधला होता. दुधानें नुसती हगवण लागणें ही गोष्ट निराळी. तेथें दुधांतील साखर पचत नाहीं एवढेंच.

विषबाधा तर याहून निराळी. जुन्नर-नारायणगांवकडील द्राक्षबागाईतदारांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. द्राक्षांनीं व बेदाण्यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. त्यांतील टार्टारिक आम्लाकडे अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं २०२१ सालीं बोट दाखविलें. तें चिंचेंतही भरपूर असतें, म्हणून आमटी घालूं नये. कांदाही रक्तास बाधतो. विरळणीच्या दिवसांत बागेंत मण्यांचा सडा पडतो, तेव्हां कुत्रें बांधून ठेवावें. त्यानें मणी खाल्ल्याचें दिसल्यास ओकारीची वाट न पाहतां त्याच घटकेस दवाखाना गांठावा.