मासे पळाले, पुढे काय?

संगणकावर कलाकृती घडवणाऱ्या मायरन क्रूगरवरचा माझा लेख वाचून एका वाचकाने विचारलंय: मॉलच्या फरशीवर प्रोजेक्टरने तळं दाखवतात, पाय ठेवला की मासे पळतात; मग क्रूगरच्या ‘व्हिडिओप्लेस’ या मांडणशिल्पाला कला म्हणायचं आणि या तळ्याला करमणूक, हा भेद कशाच्या जोरावर? प्रश्न रास्त आहे. तंत्राच्या अंगाने दोन्हींची जातकुळी एकच. कॅमेरा माणसाची आकृती टिपतो, संगणक तिचा माग ठेवतो आणि त्यानुसार चित्र बदलतं. उलट मॉलमधला संगणक क्रूगरच्या यंत्रांपेक्षा कितीतरी वेगवान. तेव्हा नुसत्या प्रतिसादावर कुठल्याही मांडणशिल्पाला गुण देता येत नाहीत. प्रतिसाद तर आपोआप उघडणारं काचेचं दारही देतं. माझं म्हणणं असं की शिल्प प्रेक्षकाला काय देतं ते नंतर पाहावं, त्याच्याकडून काय मागतं ते आधी.

याचा चोख दाखला म्हणजे ‘सेन्स्टर’. पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि ब्रिटनमध्ये काम केलेल्या एडवर्ड इह्नातोविच या शिल्पकाराने तो फिलिप्स कंपनीसाठी घडवला, आणि १९७० साली नेदरलँड्समधल्या आइंडहोवन शहरात, कंपनीच्या एव्होल्युऑन या प्रदर्शनगृहात तो उभा राहिला. चार मीटरहून लांब, पोलादी नळ्यांचा उघडा सांगाडा. सांध्यांची कल्पना शेवंडाच्या नांगीवरून उचललेली, हालचाल तेलाच्या दाबावर. डोक्याच्या जागी मायक्रोफोन आणि हालचाल ओळखणारं रडार. कातडी नाही, डोळे नाहीत, जिवंत प्राणी वाटावा असा कसलाही साज नाही. कुणी हळू आवाजात बोललं किंवा सावकाश हात हलवला की तो मान लांबवून त्या बाजूला वळे, जवळ येई. आरडाओरडा झाला किंवा कुणी अंगावर धावून गेल्यासारखं केलं की डोकं मागे घेई. त्याचं लक्ष वेधायचं तर दांडगाई सोडावी लागे. यावर आक्षेप ठरलेला असतो: संगणकाला चार नियम घालून दिलेले, बाकी सगळं लोकांच्या मनाचे खेळ. हे तर खुद्द इह्नातोविचही सांगत असे. त्याच्या मते प्रोग्रॅम साधाच होता. सभागृहातला घुमणारा आवाज आणि लोकांचं बेभरवशाचं वागणं यांमुळे तो होता त्याहून हुशार वाटे. पण यामुळे माझा मुद्दा ढिला पडत नाही, उलट घट्ट होतो. नियम थोडे होते, तरी त्यातला एक नियम प्रेक्षकाला स्वतःचं वागणं बदलायला लावणारा होता. मॉलमधल्या माशांकडे तो नाही. हळू पाऊल टाका, दाणकन टाका, मासे पळणारच. दुसऱ्यांदा पाय टाकताना शोधण्यासारखं काही उरत नाही.

‘रेन रूम’चं उदाहरण जास्त वादाचं आहे. रँडम इंटरनॅशनल या मंडळींनी ते २०१२ साली लंडनच्या बार्बिकन कलाकेंद्रात मांडलं आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयात. छतातून सतत पाऊस पडतो, कॅमेरे माणसाची जागा टिपतात आणि त्याच्या डोक्यावरचे व्हॉल्व्ह बंद होतात. मात्र भरभर चाललं तर माणूस भिजतो. याला कुणी तंत्राची मर्यादा म्हणेल, आणि ती आहेच. छत तीन मीटर उंच धरलं, तर सुटलेला थेंब उभ्या माणसाच्या डोक्यापर्यंत यायला जवळपास अर्धा सेकंद लागतो. नेहमीच्या चालीने तेवढ्यात माणूस पाऊण मीटर पुढे जातो. व्हॉल्व्ह कितीही चपळ असला, तरी आधीच सुटलेलं पाणी परत वर ओढता येत नाही. पण कलाकृती घडते ती याच अर्ध्या सेकंदात. आत गेलेला माणूस एरवी चालतो तसा चालत नाही; पाऊल जपून टाकतो, पाऊस आपल्याला ओळखतोय की नाही याचा अंदाज घेत थबकतो. ती मर्यादा नसती, तर उरली असती फक्त कोरड्या कपड्यांतल्या फोटोंची सोय. (फोटो तरीही भरमसाट निघाले, ते सोडा.)

आता खरा अडचणीचा आक्षेप. कमिल अटरबॅक आणि रोमी अखितुव यांच्या १९९९ सालच्या ‘टेक्स्ट रेन’मध्ये प्रतिसाद तत्काळ मिळतो आणि चुकलं तर शिक्षाही नाही. पडद्यावर स्वतःची छबी दिसते, वरून अक्षरं पडतात आणि डोक्यावर, हातांवर अडकतात. लहान मूलही क्षणात खेळू लागतं. मग हे माझ्या कसोटीला उतरतं कसं? उतरतं, कारण ती अक्षरं एका कवितेची आहेत आणि ती वाचायची तर हात पसरून धरून ठेवावे लागतात. खेळायला काही लागत नाही, वाचायला लागतं. सुरुवातीला सोपेपणा असायला माझी हरकत नाही. सगळं तिथेच संपलं तर आहे. शिवाय मागणी कडकच असावी असंही नाही. स्कॉट स्निबच्या १९९८ सालच्या ‘बाउंडरी फंक्शन्स’मध्ये वरच्या प्रोजेक्टरने फरशीवर माणसामाणसांमध्ये रेषा आखल्या जातात, दोघांपासून सारख्या अंतरावर. तुम्ही पुढे सरकलात की रेषाही सरकते. समोरच्याची जागा आपोआप आक्रसते. हे नाव स्निबने घेतलं थिओडोर काझिन्स्कीच्या १९६७ सालच्या गणिताच्या प्रबंधावरून. हाच काझिन्स्की पुढे माणसांपासून तुटून जंगलातल्या खोपटात राहिला आणि टपालाने बाँब पाठवू लागला. हे शिल्प कुठे मांडलेलं आढळलं, तर सोबत कुणाला तरी घेऊन जा. एकट्या माणसासाठी त्या फरशीवर एकही रेष उमटत नाही.