नेत्यांची मोठी झालेली मुलं : काय विचारावं, काय विचारू नये?



"अमक्या मंत्र्याचा मुलगा सध्या काय करतो हो?" लग्नाच्या पंगतीत असो की रेल्वेच्या डब्यात, हा प्रश्न निघाला की आजूबाजूचे कान टवकारतात. मग गाडी कुठली, लग्न कुणाशी, परदेशात शिकायला कोण गेलं, सगळं निघतं. त्यावर कुणीतरी म्हणतं, "मुलांना कशाला मध्ये आणता?" दुसरा म्हणतो, "नेत्याच्या घरात खासगी काही नसतंच." माझ्या मते दोघंही अर्धंच बरोबर आहेत. कसं, ते बघू.

आधी पंजाबात जाऊ. साल 1963. मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों. भाक्रा धरणाच्या काळातला, कामाचा धडाका असलेला नेता. पण विरोधकांनी राष्ट्रपतींकडे तक्रार केली, की त्यांची मुलं आणि नातेवाईक वडिलांच्या पदाच्या जोरावर व्यवसाय वाढवत आहेत. सिनेमागृहं, शीतगृह अशी ती यादी होती. माजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांचा चौकशी आयोग नेमला गेला. 1964 च्या जूनमध्ये अहवाल आला. बरेच आरोप टिकले नाहीत, काही टिकले, आणि कैरोंनी राजीनामा दिला.

दास यांनी त्यात मांडलेला मुद्दा आजही लागू पडतो. त्याचा आशय असा : मोठ्या झालेल्या मुलांना धंदा करण्यापासून बाप कायद्यानं अडवू शकत नाही. पण बापाच्या वजनाचाच धंदा होत असेल, तर त्याकडे डोळेझाक करणं हा बापाचा दोष. म्हणजे प्रश्न मुलाच्या धंद्याचा नाही, खुर्चीच्या वापराचा आहे.

आता महाराष्ट्रात या. 1985 साली मुंबई विद्यापीठाच्या एमडी परीक्षेला मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांची मुलगी बसली होती. त्याच परीक्षेला बसलेल्या एका डॉक्टरनं न्यायालयात याचिका केली. गुणांमध्ये फेरफार झाल्याचं मुंबई उच्च न्यायालयानं नोंदवलं, ताशेरे ओढले आणि मार्च 1986 मध्ये निलंगेकरांना पद सोडावं लागलं. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मुख्यमंत्र्यांविरुद्ध थेट पुरावा नव्हता, पण संशयाला जागा आहे, हे म्हणणं सर्वोच्च न्यायालयानंही चुकीचं ठरवलं नाही.

इथं याचिका कुणी केली, ते विसरू नका. चौकसपणा म्हणून नव्हे, तर त्याच परीक्षेला बसलेल्या माणसानं ती केली. एकाचे गुण वाढले की रांगेतल्या दुसऱ्या कुणाचा तरी हक्क जातो. तो बहुधा कुणाचाच मुलगा नसतो, म्हणजे ज्याचं नाव सांगून काम होईल अशा कुणाचा नसतो. आपल्या प्रश्नाचा खरा अधिकार त्याच्यापासून सुरू होतो.

मग कायदा काय म्हणतो? निवडणूक लढवणाऱ्याला प्रतिज्ञापत्रात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता सांगावी लागते. उत्पन्नाचा स्रोतही. मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे. सरकारला माल पुरवणारे किंवा सरकारी परवान्यांवर चालणारे व्यवसाय कुटुंबीयांनी सुरू करू नयेत, असं ती सांगते. पण त्यातली "कुटुंब" या शब्दाची व्याख्या बघा : जोडीदार, अल्पवयीन मुलं आणि पूर्णपणे अवलंबून असलेले नातलग. स्वतः कमावणारा तीस वर्षांचा मुलगा या चौकटीबाहेर राहतो. म्हणजे जिथं वजन वापरलं जाण्याची शक्यता जास्त, नेमकं तिथंच कागदावर काही येत नाही. ती जागा पत्रकारांनी, विरोधकांनी आणि आपण प्रश्न विचारूनच भरायची असते.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. मनमोहन सिंग 2004 ते 2014 पंतप्रधान होते. त्यांच्या तिन्ही मुली तेव्हा आपापल्या कामात होत्या. उपिंदर सिंग इतिहासाच्या प्राध्यापक, दमन सिंग लेखिका. अमृत सिंग अमेरिकेत नागरी हक्कांच्या वकील. अमेरिकी कोठड्यांमधल्या छळाची कागदपत्रं बाहेर काढणाऱ्या न्यायालयीन लढ्यात त्या होत्या, आणि त्यावरचं त्यांनी सहलेखन केलेलं पुस्तक 2007 मध्ये आलं. वडील त्याच अमेरिकेशी अणुकराराची बोलणी करत होते! मुलगी सज्ञान झाली की तिची मतं, तिचं काम तिचं असतं. वडिलांच्या धोरणाचा जाब तिला विचारायचा नाही, आणि तिच्या कामाचा वडिलांना.

म्हणून मी एक साधी कसोटी वापरतो. बातमी कानावर आली की तीन गोष्टी बघायच्या. यात सरकारी पैसा आहे का? सरकारी परवाना, जमीन, कंत्राट आहे का? एखादं पद, प्रवेश किंवा गुण आहेत का, जे दुसऱ्या कुणाला मिळायला हवे होते? एकाचंही उत्तर "हो" असेल, तर बिनधास्त विचारा, आणि विचारताना मुलाकडे नव्हे, खुर्चीकडे बघून विचारा. तिन्हींचं उत्तर "नाही" असेल, तर ते लग्न, तो घटस्फोट, ते आजारपण त्या माणसाचं स्वतःचं आहे. मुलगा स्वतःच तिकीट घेऊन उभा राहिला, तर गोष्ट वेगळी. मग तो नेत्याचा मुलगा नाही, तो नेता. त्याला सगळे हिशोब लागू.

आपण गाडीच्या रंगावर तासभर बोलतो आणि ती गाडी कुठल्या पैशातून आली, हे विचारायचं राहून जातं. पुढच्या पंगतीत विषय निघाला, तर तेवढं आठवा.

भेटू पुढच्या भागात.