समजून घ्या : पैसे भरले, पण गेम तुमचा झाला का? प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विचपैकी ग्राहकाच्या सोयीचा कोण?

गेमिंग कन्सोल घेताना बहुतेकांची तुलना ग्राफिक्स आणि किंमत इथेच थांबते. पण खरा खर्च कन्सोल घरी आल्यावर सुरू होतो. गेम पुन्हा विकता येतो का, नको असल्यास पैसे परत मिळतात का आणि दहा वर्षांनी तो चालेल का? सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या तिन्ही कंपन्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

डिस्क ड्राइव्ह हवाच का?

डिस्कवरचा गेम खेळून झाला की मित्राला देता येतो किंवा जुना म्हणून विकता येतो. ऑनलाइन घेतलेला गेम मात्र तुमच्या खात्याशी जोडलेला असतो, तो विकता येत नाही. २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आला, तेव्हा डिस्कच्या मॉडेलची किंमत ४९,९९० रुपये आणि डिजिटल मॉडेलची ३९,९९० रुपये होती. समजा, ४,९९९ रुपयांचा गेम खेळून निम्म्या किमतीला विकला, तर चार गेममध्येच हा १० हजारांचा फरक भरून निघतो.

कोणत्या कन्सोलमध्ये काय मिळते?

- प्लेस्टेशन ५ : नव्या स्लिम डिजिटल मॉडेलला डिस्क ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो. मात्र पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते. महागड्या ‘प्रो’ मॉडेलसोबत ड्राइव्ह मिळत नाही.
- एक्सबॉक्स : सिरीज एसमध्ये ड्राइव्ह नाही. सिरीज एक्स ड्राइव्हसह आणि ड्राइव्हशिवाय, अशा दोन्ही प्रकारांत आहे.
- स्विच २ : जून २०२५ मध्ये आलेल्या या कन्सोलच्या काही गेमसाठी ‘गेम-की कार्ड’ मिळते. त्यात गेम नसतो, फक्त चावी असते. गेम डाउनलोड करावा लागतो आणि खेळताना कार्डही आत लागते. हे कार्ड पुन्हा विकता येते, पण डाउनलोडची सोय सुरू आहे तोवरच त्याचा उपयोग.

गेम आवडला नाही तर?

प्लेस्टेशन स्टोअरवर १४ दिवसांत पैसे परत मागता येतात, पण सहसा डाउनलोड सुरू केलेले नसेल तरच. एक्सबॉक्सवरही मुदत १४ दिवसांची आहे. तिथे गेम फारसा खेळलेला नसावा, ही अट आहे. निन्टेंडो डिजिटल विक्री सर्वसाधारणपणे अंतिम मानते. मात्र डिजिटल गेम कुटुंब गटातील सदस्याला १४ दिवस उसना देण्याची सोय निन्टेंडोने दिली आहे.

जुने गेम चालतात का?

यात एक्सबॉक्स पुढे आहे. सिरीज एक्स आणि एसवर २००१ मधल्या पहिल्या एक्सबॉक्सचेही निवडक गेम चालतात. प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ चे जवळपास सगळे गेम चालतात, पण प्लेस्टेशन ३ ची डिस्क चालत नाही. स्विच २ वर आधीच्या स्विचचे बहुतेक गेम चालतात.

ऑनलाइन दुकानच बंद झाले तर?

असे घडलेले आहे. निन्टेंडोने ‘वी यू’ आणि ‘३डीएस’वरील खरेदी मार्च २०२३ मध्ये बंद केली. एक्सबॉक्स ३६० चे स्टोअर जुलै २०२४ मध्ये बंद झाले. दोन्हीकडे आधी घेतलेले गेम पुन्हा डाउनलोड करण्याची सोय ठेवण्यात आली. पण युबिसॉफ्टने मार्च २०२४ मध्ये ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले आणि सर्व्हरवरच चालणारा हा गेम डिस्क घेणाऱ्यांनाही खेळता येईना. ग्राहक गेम नव्हे, तर तो वापरण्याचा परवाना विकत घेतो, हे विक्रीवेळी स्पष्ट सांगण्याचे बंधन कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहे.

मग घ्यायचा कोणता?

तिन्ही निकषांवर सरस ठरेल असा एकही कन्सोल नाही. गेम खेळून विकणार असाल, तर ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ किंवा सिरीज एक्स फायद्याचा. एक्सबॉक्सचे जुने गेम जपून ठेवले असतील, तर सिरीज एक्स. स्विच २ घेताना गेमच्या खोक्यावर ‘गेम-की कार्ड’ लिहिले आहे का, ते पाहा. भारतात निन्टेंडोचे कन्सोल बहुतेक आयात करून विकले जातात. त्यामुळे वॉरंटी कोण देणार, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.