वाट किती अवघड, हे मोजून सांगा

पावसाळा लागला की दोन गोष्टी हमखास येतात. मुरबाड, शहापूर, अंबरनाथकडच्या धबधब्यांवर प्रशासनाचे मनाई आदेश, आणि मोबाइलवर रविवारच्या ट्रेकच्या जाहिराती: श्रेणी ‘इझी टू मॉडरेट’. आदेशांवर भरपूर चर्चा होते. या तीन शब्दांवर कोणी बोलत नाही. ठाण्या-डोंबिवलीतून पहिल्यांदा डोंगरात निघालेला माणूस मात्र पैसे भरतो तो याच शब्दांच्या भरवशावर.

अवघडपणा मोजता येतो, हे माउंटन बाइक चालवणाऱ्यांनी दाखवून दिलं आहे. कॅलिफोर्नियात 1988 साली सुरू झालेल्या ‘इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन’ने, म्हणजे ‘इम्बा’ने, स्कीइंगच्या उतारांवरची चिन्हं सायकलच्या वाटांना लावली. पांढरं वर्तुळ सर्वांत सोपं, मग हिरवं वर्तुळ, निळा चौरस, पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचं काळं चिन्ह आणि शेवटी तशी दोन चिन्हं. ती लावताना पाच गोष्टी पाहतात: वाटेची रुंदी, पृष्ठभाग, सरासरी चढ, सर्वांत तीव्र चढ आणि टाळता न येणारे अडथळे. हिरव्या वाटेची रुंदी किमान 36 इंच, सरासरी चढ 5 टक्क्यांपर्यंत, अडथळ्याची उंची 2 इंचांपर्यंत. निळ्या वाटेला 24 इंच, 10 टक्के, 8 इंच. काळ्या वाटेची रुंदी 12 इंचांवर येते आणि अडथळे 15 इंचांपर्यंत जातात. टेप आणि उतार मोजायचं साधं उपकरण एवढ्यावर बरंचसं काम होतं.

या पद्धतीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा नियम असा, की श्रेणी फक्त तांत्रिक अवघडपणाची. दमछाक तिच्यात धरत नाहीत. वाटेची लांबी पाटीवर वेगळी लिहायची. आपल्या ‘मॉडरेट’मध्ये दोन्ही एकत्र कालवलेलं असतं. तीन तासांचा सरळ पण दमवणारा चढ ‘मॉडरेट’, आणि तासाभराच्या वाटेवरचा दरीकडेचा एक रॉक पॅच, म्हणजे हातापायांनी चढायचा कातळ, तोही ‘मॉडरेट’. पहिल्यात पाय दुखतात, दुसऱ्यात जीव जाऊ शकतो.

कल्याणजवळचा मलंगगड पाहा. दर्ग्यापर्यंत पायऱ्या आहेत. लहान मुलं, म्हातारी माणसं भक्तिभावाने चढतात. त्याच गडाच्या बालेकिल्ल्याकडे निघालं की कातळातल्या पायऱ्या तुटलेल्या, आणि एका ठिकाणी खाली दरी असताना लोखंडी पाइपच्या आधाराने आडवं पार व्हायचं, म्हणजे ट्रॅव्हर्स. या गडाला एकच श्रेणी देणं शक्यच नाही. तसंच मुरबाड तालुक्यात. वैशाखऱ्याहून नाणेघाटाची वाट ही सातवाहनकाळापासून कल्याण-जुन्नर व्यापाराची, माल वाहण्यासाठी घडवलेली. त्याच तालुक्यातल्या बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड गाठायचा तर प्रचंड धोंड्यांनी भरलेली घळ आणि एकामागून एक रॉक पॅच. हाच गड पाचनईकडून चढणारा माणूस वेगळाच डोंगर चढत असतो. श्रेणी डोंगराला देऊन उपयोग नाही. ती वाटेला, खरं तर वाटेच्या टप्प्याला द्यायला हवी.

परदेशी कोष्टक जसंच्या तसं इथे चालणार नाही, याचं मुख्य कारण पाऊस. जर्मनीत तयार झालेली ‘सिंगलट्रेल-स्काला’ वाटांना एस0 ते एस5 अशा पायऱ्या देते, पण कोरडी जमीन आणि पुरेसा उजेड गृहीत धरून. सह्याद्रीत जुलैमध्ये काळ्या कातळावर शेवाळ धरतं, नाळेतून पाणी धावतं आणि कोरड्या दिवसांत सोपा असलेला टप्पा दोन पायऱ्या वर सरकतो. उन्हाळ्यात त्याच वाटेवर घसारा, म्हणजे पायाखालून सरकणारी सुटी माती-खडी, त्रास देतो. म्हणून आपल्या पाटीवर प्रत्येक टप्प्याला दोन श्रेणी हव्यात, कोरडी आणि ओली.

राज्याने 2021 साली साहसी पर्यटन धोरण आणलं. त्यात आयोजकांची नोंदणी आहे, सुरक्षेचे नियम आहेत, आणि ते गरजेचंच होतं. पण वाट मोजली गेल्याशिवाय आयोजक जबाबदार की बेफिकीर, हे ग्राहकाने ठरवायचं कशावरून? सरसकट मनाईने नाणेघाट आणि नळीची वाट एकाच रांगेत बसतात, आणि पर्यटकांवर पोट असलेल्या गावांचा हंगाम जातो. वन विभाग, गिर्यारोहण संस्था आणि पायथ्याच्या गावांतले वाटाडे यांनी मिळून एका हंगामात मलंगगड आणि नाणेघाट या दोन वाटा मोजाव्यात. वाटाड्यांना त्याचा मोबदला द्यावा. कुठला दगड कधी निसटतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

तोवर वाचकाने स्वतःपुरता एक नियम करावा. पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारावं: या वाटेवरचे सर्वांत अवघड दहा मीटर कुठले, तिथे खाली काय आहे, आणि पाऊस लागला तर ते कसे पार करणार? उत्तर नेमकं मिळालं नाही, तर तो रविवार घरी काढावा.